साष्टीतील काष्ठ व लिग्निन

लिग्निन हे वाहिनीवंत (पाणी व अन्नरस यांची ने-आण करणारी ऊतके असलेल्या) वनस्पतींच्या कोशिकाभित्तींमध्ये आढळणारे एक नैसर्गिक बहुवारिक (अनेक लहान रेणू परस्परांस जोडले जाऊन बनलेला प्रचंड रेणू) आहे. विपुलतेच्या दृष्टीने वनस्पतिज पदार्थांत सेल्युलोजाच्या खालोखाल त्याचा क्रम लागतो. कोशिकाभित्तीत सेल्युलोजाचे तंतू ताण सहन करतात, तर त्यांच्या दरम्यान भरलेले लिग्निन दाब सहन करते आणि भित्तीला जलरोधक बनविते. सिमेंट काँक्रीट व त्यातील लोखंडी सळ्या यांच्यातील श्रमविभागणीशी ही रचना पुष्कळशी जुळते. लिग्निनामुळे वनस्पतींना जमिनीवर ताठ उभे राहणे व मुळांनी शोषलेले पाणी उंच शेंड्यापर्यंत नेणे शक्य झाले. मऊ (सूचिपर्णी) लाकडात ते सु. २५ ते ३३ टक्के, कठीण (रुंदपर्णी) लाकडात सु. १८ ते २५ टक्के आणि बांबूत साधारणतः २० ते २६ टक्के असते. तागाच्या धाग्यात ते सु. १२ टक्के असते. कापसाच्या तंतूत ते जवळजवळ नसतेच.

मुंबईच्या उत्तरेकडील साष्टी बेटाचा बराचसा भाग आज मुंबई उपनगर जिल्ह्यात मोडतो. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड ही आजची दाट वस्तीची उपनगरे विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत ठाणे जिल्ह्याच्या साष्टी तालुक्यातील गावे होती. १९२० मध्ये उपनगरांचा वेगळा जिल्हा झाला आणि १९५० व १९५७ अशा दोन टप्प्यांत हा प्रदेश मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आला. डोंगरावरील मिश्र पानझडी वन, त्यातील कारवी व बांबू, सखल भागातील ताड-शिंदी आणि खाड्यांच्या काठची खारफुटी ही या बेटाची वनसंपत्ती होय. तिचा वापर करणाऱ्यांच्या दृष्टीने लिग्निन हे टिकवावयाचे द्रव्य होते. रसायनशास्त्रज्ञ व कागद कारखानदार यांच्या दृष्टीने मात्र ते दीर्घकाळ काढून टाकावयाचे द्रव्य राहिले. या दोन दृष्टींतील अंतर साष्टीच्या इतिहासात जितके स्पष्ट दिसते, तितके ते रसायनशास्त्राच्या ग्रंथांत दिसत नाही.

लाकूडकामाचे सर्वांत जुने पुरावे येथे दगडात आहेत. अंधेरीच्या पूर्वेस असलेल्या कोंडिविटे (महाकाली) येथील लेण्यांपैकी चैत्यगृहात मागील बाजूस स्तूपाभोवती गोलाकार कोठी कोरलेली असून तिचे छत घुमटाकार आहे. तिच्या भिंतीत जाळीच्या खिडक्या आहेत. लाकूड, वेत व गवत यांनी शाकारलेल्या गोल झोपडीचे हे पाषाणातील अनुकरण होय. बिहारमधील बराबर टेकडीवरील सुदामा लेण्यात असाच प्रकार आढळतो. बोरिवलीनजीकच्या कान्हेरी येथील चैत्यगृहाच्या छताला मुळात लाकडी फासळ्या बसविलेल्या होत्या. आज त्या उरलेल्या नाहीत. याउलट लोणावळ्याजवळील कार्ले येथील चैत्यगृहात प्राचीन लाकडी फासळ्या सु. दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. लाकूड कुजण्यास हवेइतकीच ओलही लागते. कोरड्या राहिलेल्या लाकडावर कवकांची वाढ होत नाही. पाऊस व पाझर यांपासून लाकूड किती अलिप्त राहिले, यावर त्याचे आयुष्य ठरते.

सागाच्या टिकाऊपणाचे श्रेय पुष्कळदा लिग्निनास दिले जाते. पण ते बरोबर नाही. सागाच्या अंतःकाष्ठात क्विनोन वर्गातील संयुगे व रबरासारखा तेलकट पदार्थ असतो. वाळवी, कवके व पाणी यांना मुख्यतः ही द्रव्ये दूर ठेवतात. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील जहाजबांधणी कारागिरांनी बांधलेले आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेले ‘ट्रिंकोमाली’ हे सागवानी जहाज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे अद्याप तरंगते आहे. त्याच्या दीर्घायुष्यात लिग्निनाचा वाटा आहे तो लाकडाच्या बळकटीचा. न कुजण्याचा गुण सागाच्या अर्कद्रव्यांचा आहे.

कारवी व कुड : बोरिवलीच्या डोंगरात कारवी (शा. नाव स्ट्रोबिलँथस कॅलोसा, कुल ॲकँथेसी) हे झुडूप विपुल आहे. त्याला साधारणपणे आठ वर्षांतून एकदाच एकगठ्ठा फुले येतात. २००८, २०१६ व २०२४ ही या वनातील बहराची वर्षे होत. फळे पिकून बी पडल्यानंतर झुडूप मरते व डोंगरउतारावर वाळलेल्या काठ्यांचे रान उभे राहते. वारली, कातकरी, महादेव कोळी इ. जमातींची घरे या काठ्यांवर उभी राहिली. काठ्या शेजारी शेजारी उभ्या लावून आडव्या काठ्यांना वाखाने किंवा वेलीने बांधतात व दोन्ही अंगांनी माती आणि शेण यांचा गिलावा देतात. या भिंतीस कुड म्हणतात. वारली चित्रे ज्या गेरूने सारवलेल्या भिंतींवर तांदळाच्या पिठाने काढली जात, त्या भिंती बहुतांशी अशा कुडाच्याच होत्या.

मेलेल्या काठीवर घराचा भार टाकता येतो, याचे कारण वनस्पतीच्या शरीररचनेत आहे. खोडाला बळकटी देणाऱ्या काष्ठतंतूंच्या कोशिका झुडूप जिवंत असतानाच मेलेल्या असतात. भित्ती जाड होऊन तीत लिग्निन साठले की, आतील जीवद्रव्य नाहीसे होते व पोकळ नळी तेवढी उरते. म्हणून झुडूप वाळले तरी काठीच्या ताकदीत फारसा फरक पडत नाही. उलट पाणी निघून गेल्याने ती हलकी व अधिक ताठ होते. शेणमातीचा गिलावा पावसाचे पाणी काठीपर्यंत पोहोचू देत नाही आणि चुलीच्या धुराने भिंत आतून कोरडी राहते. कुड प्रथम खचतो तो जमिनीलगत. तेथे ओल व वाळवी दोन्ही असतात. वाळवीच्या आतड्यातील सूक्ष्मजीव सेल्युलोजाचे पचन करतात, पण लिग्निनाचा पुष्कळसा भाग न पचता बाहेर पडतो. कुडाची ठरावीक काळाने डागडुजी करावी लागे आणि कारवीचे आठ वर्षांचे चक्र त्या गरजेला सोईचे होते. वनाच्या संरक्षित क्षेत्रात काठ्या तोडण्यावर निर्बंध आल्यावर व विटा-पत्रे यांचा प्रसार झाल्यावर उपनगरांतील पाड्यांवरून कुडाची घरे झपाट्याने कमी झाली. वाळलेल्या काठ्या आता बहुतांशी वनातच कुजतात.

हे वन शहराच्या मध्यभागी शिल्लक राहिले, ते मुख्यतः पाण्यासाठी. विहार (१८६०) व तुळशी (१८७९) या तलावांची पाणलोट क्षेत्रे मुंबईच्या पाणीपुरवठ्याकरिता राखली गेली. पुढे तेथे राष्ट्रीय उद्यान झाले व त्यास संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे नाव मिळाले. त्याचे क्षेत्रफळ सु. १०४ चौ. किमी. आहे.

लिग्निनाचा एक विस्मृत वाद भातशेतीशी निगडित आहे. साष्टीसह संपूर्ण ठाणे जिल्ह्यात भाताच्या रोपांसाठी राब करीत. झाडांच्या छाटलेल्या फांद्या, पाला, गवत व शेण यांचे थर वाफ्यावर पसरून त्यावर मातीचा पातळ थर देत आणि पावसापूर्वी हे सर्व जाळीत. इंग्रजी वनखात्याला ही पद्धत म्हणजे वनाची निव्वळ नासाडी वाटे. फांद्या छाटण्यावर बंधने घालण्यात आल्याने शेतकऱ्यांत तीव्र असंतोष पसरला आणि सरकारला १८८५ मध्ये चौकशी आयोग नेमावा लागला. मुंबई वन आयोगाचा अहवाल १८८७ मध्ये प्रसिद्ध झाला. पाला जाळण्याऐवजी कुजवून खत का करीत नाहीत, असा प्रश्न त्या काळी विचारला जाई. त्याचे उत्तर अंशतः लिग्निनात आहे. फांद्या व राठ पाने यांतील लिग्निन सावकाश कुजते आणि त्याच्या आवरणात अडकलेले सेल्युलोजही त्यामुळे लवकर मोकळे होत नाही. रोपांना खनिजद्रव्ये हवी असतात ती काही आठवड्यांत. जाळल्याने पोटॅश व फॉस्फेट तत्काळ उपलब्ध होतात, तणांचे बी मरते. नायट्रोजन मात्र वाया जातो. शेतकऱ्याला यातील रसायनशास्त्र ठाऊक नव्हते, परंतु त्याचा हिशेब वनाधिकाऱ्यांना वाटला तितका चुकीचा नव्हता.

संशोधनाचा इतिहास : ‘लिग्निन’ ही संज्ञा लाकूड या अर्थाच्या ‘लिग्नुम’ या लॅटिन शब्दावरून आली असून स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ ओग्युस्तँ पीराम द कांदॉल यांनी ती १८१३ मध्ये वापरली. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ आंसेल्म पायेन यांनी १८३८ मध्ये लाकडावर नायट्रिक अम्ल व क्षार यांची विक्रिया करून तंतुमय भाग वेगळा केला, तेच सेल्युलोज. उरलेल्या द्रव्यास त्यांनी तंतूंवर बसलेले कवच मानले. पुढील संशोधनाची दिशा या कल्पनेने बराच काळ ठरविली, असे म्हणता येईल. कारण कवच म्हटले की ते सोलून टाकण्याचाच विचार प्रथम येतो. १८७८ मध्ये यूलियुस व्हीझ्नर यांनी फ्लोरोग्लुसिनॉल व हायड्रोक्लोरिक अम्ल यांच्या साहाय्याने लिग्निनयुक्त भाग लाल रंगवून ओळखण्याची कसोटी शोधली. ती आजही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत खोडाच्या पातळ छेदावर करून दाखवितात. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ पेटर क्लासोन यांनी लिग्निनाचा संबंध कोनिफेरिल अल्कोहॉलाशी जोडला (१८९७). तीव्र सल्फ्यूरिक अम्लात लाकडातील इतर घटक विरघळवून उरलेले लिग्निन तोलण्याची रीत त्यांच्याच नावाने ओळखली जाते.

हायड्लबर्ग येथे कार्ल फ्रॉइडेनबेर्क यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास कवकांपासून मिळविलेल्या एंझाइमांची कोनिफेरिल अल्कोहॉलावर क्रिया घडवून लिग्निनासारखे बहुवारिक कृत्रिम रीतीने तयार केले. लिग्निन हे पी-कौमारिल, कोनिफेरिल व सिनापिल या तीन अल्कोहॉलांपासून बनते. ही अल्कोहॉले कोशिकेत तयार होऊन भित्तीत येतात. तेथे पेरॉक्सिडेज व लॅकेज या एंझाइमांमुळे त्यांचे ऑक्सिडीकरण होते आणि निर्माण झालेले मुक्त मूलक एकमेकांस निरनिराळ्या जागी जोडले जातात. सेल्युलोजाच्या साखळीत एकच बंध पुनःपुन्हा येतो. लिग्निनात मात्र बंधांचे अनेक प्रकार आढळतात व त्यांचा क्रम ठरावीक नसतो. त्यामुळे एका ठरावीक बंधावर काम करणाऱ्या एंझाइमाला ते तोडता येत नाही. लिग्निनाचा चिवटपणा या अनियमिततेत आहे.

कागद : हाच चिवटपणा कागद कारखान्याची मुख्य अडचण ठरला. जुन्नर व दौलताबादजवळील कागजीपुरा येथे होणाऱ्या हातकागदाला ती नव्हती. कारण तो चिंध्या व सणाच्या जुन्या दोरखंडांपासून बने आणि अशा मालात लिग्निन मुळातच थोडे असते. लाकडापासून लगदा करण्यासाठी प्रथम दाहक सोडा, नंतर सल्फाइट आणि १८७९ च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल डाल यांची सल्फेट (क्राफ्ट) पद्धत प्रचारात आली. भारतात सूचिपर्णी लाकूड हिमालयात दूरवर असल्याने लक्ष बांबूकडे वळले. डेहराडून येथील वनसंशोधन संस्थेत विल्यम रेट यांनी बांबू चिरडून तो दोन टप्प्यांत शिजविण्याची पद्धत विकसित केली. पहिल्या सौम्य टप्प्यात स्टार्च व पेक्टिन निघून जात व दुसऱ्यात लिग्निन विरघळे. बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा १९२५ मध्ये झाला. चंद्रपूर जिल्ह्यातील बल्लारपूर येथील कागद गिरणीची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली आणि तेथील बांबूच्या वनांवर ती उभी राहिली. [⟶ कागद].

लगदा शिजविल्यावर उरणाऱ्या काळ्या द्रवात लिग्निन असते. तो द्रव आटवून जाळतात व त्यातून वाफ आणि वापरलेली रसायने परत मिळवितात. जगात दरवर्षी अशा रीतीने कोट्यवधी टन लिग्निन इंधन म्हणून संपते. त्यातील अगदी अल्प भाग काँक्रीटमधील मिश्रके, आसंजके (चिकटविणारे पदार्थ) व व्हॅनिलिन यांसाठी वेगळा काढला जातो.

वृत्तपत्री कागदाची गोष्ट निराळी आहे. तो यांत्रिक लगद्यापासून करतात. म्हणजे लाकूड दगडावर घासून त्याचा भुसा करतात व लिग्निन त्यातच राहू देतात. त्यामुळे उत्पादन जास्त व किंमत कमी पडते. मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूरजवळच्या नेपानगर येथे भारतातील पहिल्या वृत्तपत्री कागदाच्या गिरणीत १९५५ मध्ये उत्पादन सुरू झाले. त्यासाठी सालई (शा. नाव बॉसवेलिया सेराटा) व बांबू हा कच्चा माल होता. अशा कागदावर प्रकाश पडला की, लिग्निनाचे ऑक्सिडीकरण होऊन पिवळसर तपकिरी संयुगे बनतात. कागद ठिसूळ होण्याचे कारण मात्र प्रामुख्याने वेगळे आहे: शाई फुटू नये म्हणून वापरलेल्या राळ व तुरटी यांमुळे कागदात अम्ल राहते आणि ते सेल्युलोजाच्या साखळ्या तोडते. परिणाम दोहोंचा मिळून होतो. मराठी वृत्तपत्रांचे व नियतकालिकांचे जुने अंक मुंबई व उपनगरांतील ग्रंथालयांत दमट हवेत ठेवलेले असतात. सणाच्या कागदावरील पेशवेकालीन दप्तरे आजही हाताळता येतात, पण विसाव्या शतकातील वृत्तपत्राचे पान दुमडताच तुटते. महाराष्ट्राच्या अलीकडच्या इतिहासाची साधने अधिक जुन्या साधनांआधी नष्ट होण्याचा धोका त्यामुळे उत्पन्न झाला आहे. पिवळेपणा कमी करण्यासाठी अंधार उपयोगी पडतो. अम्ल घालविण्यासाठी क्षारीय प्रक्रिया करावी लागते आणि तीही कागद पुरता ठिसूळ होण्यापूर्वी.

खारफुटी : साष्टीच्या पूर्वेस ठाणे खाडी व पश्चिमेस वर्सोवा, मालाड, गोराई येथील खाड्या आहेत. त्यांच्या काठी तिवर (शा. नाव ॲव्हिसेनिया मरिना) ही जाती सर्वाधिक आढळते. काही ठिकाणी कांदळ, चिप्पी व काजळाही आहेत. तिवराचे लाकूड सरपणासाठी व पाला गुरांसाठी वापरीत. कोळी लोक सुताची व सणाची जाळी टिकावीत म्हणून ती झाडांच्या सालीच्या काढ्यात बुडवीत. त्यातील टॅनीन हे लिग्निनाहून भिन्न द्रव्य असले, तरी दोन्ही फिनॉलीय वर्गातील आहेत. नायलॉनच्या प्रसारानंतर ही रीत मागे पडली.

खारट चिखलात वाढणाऱ्या तिवराला मूळच खाऱ्या पाण्याची चाळणी असते. मुळाच्या आतील एका थरातील कोशिकांभोवती जलरोधक पट्टा असतो. तो रोबेर्ट कास्पारी यांनी १८६५ मध्ये वर्णिला. हा पट्टा कोणत्या द्रव्याचा, याविषयी दीर्घकाळ मतभेद होते. २०१२ मध्ये ॲराबिडॉप्सिस या लहान वनस्पतीवरील संशोधनाने तो मूलतः लिग्निनाचा असल्याचे दाखवून दिले. तिवरात लिग्निन व सुबेरिन यांच्या अशा अडसरांमुळे पाण्यातील बहुतेक मीठ मुळाबाहेरच राहते. जे आत शिरते, ते पानांवरील ग्रंथींतून बाहेर टाकले जाते.

खारफुटीचे दुसरे वैशिष्ट्य तिच्या चिखलात आहे. लिग्निन पूर्णपणे विघटित करण्याचे सामर्थ्य मुख्यतः श्वेतकुज घडविणाऱ्या कवकांत असते. फॅनेरोकीटे क्रायसोस्पोरियम या कवकातील लिग्निन पेरॉक्सिडेज हे एंझाइम १९८३ मध्ये शोधण्यात आले. या एंझाइमाला हायड्रोजन पेरॉक्साइड लागते व ते निर्माण होण्यास ऑक्सिजन आवश्यक असतो. भरतीच्या पाण्याने भरलेल्या चिखलात ऑक्सिजन वरच्या पातळ थरापुरताच असतो. त्याखाली गेलेली मुळे, काटक्या व पाने यांतील लिग्निन फार सावकाश कुजते आणि त्यातील कार्बन शतकानुशतके तेथेच राहू शकतो. चिखल उपसून उघडा केला किंवा भराव घालण्यापूर्वी तो कोरडा पडू दिला, तर हवा आत शिरून हा साठा मोकळा होऊ लागतो. याचा अर्थ असा की, खारफुटी तोडल्याने होणारी हानी तोडलेल्या झाडांच्या संख्येवरून मोजता येत नाही. दुसरीकडे नवी रोपे लावली, तरी त्यांच्याखाली तेवढाच जुना साठा तयार होण्यास शतके लागतात.

उपनगरांच्या वाढीबरोबर पुष्कळ खाजणे भरून काढण्यात आली. मिठी नदीकाठचे वांद्रे-कुर्ला संकुल हे त्याचे ठळक उदाहरण होय. विक्रोळी येथील खारफुटी मात्र गोदरेज उद्योगसमूहाच्या जमिनीवर राखली गेली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिमी. पाऊस पडून उपनगरे बुडाली, तेव्हा खाजणे व नदीपात्रे यांवरील भरावाचा प्रश्न सर्वांसमोर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरात मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर खारफुटी तोडण्यास मनाई केली. २०१२ मध्ये वनखात्यात कांदळवन कक्ष स्थापन झाला, २०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य घोषित झाले व २०२२ मध्ये या खाडीचा रामसर स्थळांत समावेश झाला. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात उच्च न्यायालयाने खारफुटीचा नाश हा जीविताच्या मूलभूत हक्काशी संबंधित मानला. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी न्यायालयाच्या परवानगीचा मार्ग मात्र खुला राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद अतिजलद रेल्वेसाठी मुंबई, ठाणे व पालघर जिल्ह्यांतील सु. २०,००० खारफुटी झाडे तोडण्यास अशी परवानगी देण्यात आली.